शालू कपाटात ठेवण्याआधी

गेल्या मार्गशीर्षात एक मुलगी तिच्या आईचा शालू घेऊन दुकानात आली. फॉल बदलायचा होता आणि नवं ब्लाऊज शिवायचं होतं. टेबलावर साडी उलगडली, तर घडीच्या रेघेवरच रेशीम चिरत गेलं, पार काठापर्यंत. दुसरी घडी उलगडली, तिथंही तेच. पोरगी रडवेली झाली. "मावशी, आईनं एकदाच नेसलीय ओ. तेव्हापासून कपाटातच आहे." मी म्हटलं, बाई, म्हणूनच.

सोलापुरात साखर पेठेत फॉल-पिको आणि ब्लाऊजचं काम करायला लागून मला २२ वर्षं झाली. खराब झालेले शालू बरेच हाताखालून गेले, पण नेसून नेसून खराब झालेला क्वचित. बाकीचे लग्नाच्या रात्री घामासकट, अक्षतांसकट पिशवीत कोंबले गेले आणि पुढं कुणी उघडून बघितलेच नाहीत. आपल्याकडं ठेवणीतली साडी म्हणजे कुलपातली साडी. पण शालूचं पुढं काय होणार ते लग्नानंतरच्या पहिल्या आठ दिवसांतच ठरतं, आणि त्याच दिवसांत कुणाला सवड नसते. नवरीला तर नाहीच. सत्यनारायण, गोंधळ, मग जोडीनं तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर. तोवर शालू बॅगेच्या तळाशी, घामेजल्या ब्लाऊजखाली. म्हणून हे सगळं नवरीपेक्षा तिच्या बहिणीनं, मावशीनं नाहीतर वहिनीनं वाचावं. नवऱ्या मुलानं वाचलं तरी बिघडत नाही.

त्याच रात्री

शालू अंगावरून उतरला की घडी घालू नका. पलंगावर धुतलेलं पांढरं बेडशीट पसरा आणि त्यावर साडी मोकळी सोडा. पंखा चालू ठेवा, कूलर नको. रेशमाला घामाची ओल असते ती सुकू द्यायची आहे, वर आणखी दमट हवा सोडायची नाही.

मग पिना. नेसवणाऱ्या बाईनं किती लावल्या होत्या ते तिलाच विचारून ठेवा. विसेक तरी असतात आणि एखादी निऱ्यांच्या पोटात राहतेच. राहिलेली पीन पहिल्याच पावसाळ्यात गंजते. गंजाचा डाग जाता जात नाही, आणि पिनेभोवतीचं रेशीम कुजून तिथं वाटाण्याएवढं भोक पडतं. बोटांनी चाचपत सगळी साडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरा.

उपरण्याशी बांधलेली गाठ सोडा. भावनेपोटी काही जण ती तशीच ठेवतात. ठेवायचीच असेल तर उपरण्याची ठेवा, शालूची नको. त्या गाठीत सुपारी, नाणं, हळकुंड असतं. सुपारीचा तपकिरी डाग रेशमात मुरला की निघत नाही. नाणंही रेशमाला आणि जरीला बरं नव्हे. गाठ घट्ट बसली असेल तर ओढू नका. सुईची मागची बोथट बाजू घालून हळूहळू सैल करा.

अक्षता आणि कुंकू झटकायचं, पुसायचं नाही. एवढं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी पुष्कळ. कुंकू कोरडं असेपर्यंत ती नुसती पूड असते, साडी उलटी धरून हलकेच हलवली की पडते. त्याला ओला रुमाल लागला की तो रंग झाला. निऱ्यांच्या आत अडकलेलं कुंकू लहान बाळाच्या केसांच्या मऊ ब्रशनं काढता येतं, नवा ब्रश मिळाला तर उत्तम.

दुसऱ्या दिवशी सकाळी: डाग शोधा

कार्यालयातल्या झगमगाटात डाग दिसत नाहीत, घरच्या ट्यूबलाइटखालीही नाहीत. सकाळी खिडकीजवळ, उन्हात नव्हे पण भरपूर उजेडात, साडी एकेक हात सरकवत बघा. डाग दिसला की त्याच्या कडेला पांढऱ्या दोऱ्याचा एक सैल कच्चा टाका घाला. आम्ही शिवणकामवाल्या असंच करतो. खडू नको, पेन तर नकोच. आणि एका कागदावर लिहून काढा: कमरेजवळ घाम, पदरावर सरबत, खालच्या काठाला माती. हा कागद ड्रायक्लीनवाल्याच्या हातात द्यायचा आहे.

कुठल्या डागाला काय करायचं, यात सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तेल-तूप. पंगतीत आमटीचा थेंब उडतोच. डागावर शंखजिऱ्याची पूड किंवा साधी बिनवासाची टाल्कम पावडर भुरभुरवा आणि रात्रभर तशीच राहू द्या. पावडर तेल शोषून घेते. सकाळी ब्रशनं झटका. पुन्हा एकदा केलं तरी चालतं. चोळू मात्र नका, ओल्या रेशमाला चोळलं की त्यावर पांढरट झळ येते आणि ती कायमची राहते.

हळद. हळदीचा रंग साबणासारखा क्षार लागला की लाल होतो. पिवळा डाग साबणानं धुतला आणि कुंकू सांडल्यासारखा झाला, हे प्रत्येक घरात एकदा तरी झालेलं आहे. हळदीच्या कार्यक्रमाची साडी सुती असेल तर धुऊन उन्हात टाका, उन्हानं हळद आपोआप फिकी होते. रेशमाला तो उपाय नाही, कारण हळद उडेपर्यंत ऊन रेशमाचाही रंग आणि जीव घेऊन जातं. तिथं डाग दाखवून ड्रायक्लीनला द्यायचं.

घाम. आपल्याकडं लग्नसराई भर एप्रिल-मेमध्ये, पारा ४० च्या वर, कार्यालयात व्हिडिओवाल्याचे दिवे, त्यात मुलगी तीन तास शालू, ब्लाऊज आणि दागिन्यांत. घामातलं मीठ रेशीम कमकुवत करतं आणि जरी काळी पाडतं. कमरेजवळ निऱ्या खोचतात तो भाग आणि डाव्या खांद्यावरचा पदर हे दोन भाग सगळ्यात आधी विरतात, ते यामुळंच.

आता सगळ्यात फसवा डाग: साखर. पन्हं, सरबत, कोल्ड्रिंक, आइस्क्रीम सांडलं, वाळलं, दिसेनासं झालं. आपण म्हणतो, गेलं. ते गेलेलं नसतं. साखर धाग्यात बसून राहते, वर्ष-दोन वर्षांत पिवळी आणि मग तपकिरी होते. त्यावर गरम इस्त्री फिरली तर लगेचच. "साडी कपाटात असताना डाग कसा पडला?" म्हणून बायका येतात, तो डाग बहुतेक वेळा लग्नातल्या पन्ह्याचा असतो. आणि गंमत अशी की नुसत्या ड्रायक्लीननं तो निघत नाही. ड्रायक्लीनचं द्रव तेलकट डागांवर चालतं. साखर आणि घाम हे पाण्यानं निघणारे डाग. ते वेगळे हातानं काढावे लागतात, आणि त्यासाठी ते कुठं आहेत हे आधी सांगावं लागतं. म्हणून तो कागद.

लिपस्टिक, मेंदी, काजळ यांच्या वाटेला घरी जाऊ नका.

दुकानात देताना

आठ दिवसांच्या आत द्या. आणि तिथं उभं राहून बोला. नवी पेठेत गर्दीच्या वेळी बंडल काउंटरवर ठेवून पावती घेऊन निघालात, तर शालू आणि हॉटेलचा पडदा यांत फरक करायला तिथं कुणाला वेळ नसतो. चार गोष्टी सांगायच्या: डागांचा कागद, जरी कसली आहे ते, इस्त्री उलट्या बाजूनं आणि मधे सुती कापड ठेवून करायची, आणि स्टार्च नको. पाचवी विचारायची: द्रव नवं भरलं आहे का? जुन्या, गढूळ झालेल्या द्रवात फिकट शालू राखाडी होऊन येतो.

जरी कसली, हे तुम्हाला आधी माहीत हवं. खरी जरी म्हणजे रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. टेस्टेड जरीत चांदीऐवजी तांब्याची तार असते, वर चांदीचा हात. तिसरी प्लॅस्टिक जरी, चकचकीत फिल्मची. फॉलच्या आतल्या बाजूला एखादं सुटं टोक सापडलं तर नखानं खरवडून बघा: आत लालसर दिसलं तर तांबं, पांढरं चमकलं तर चांदी. टोक चिमट्यात धरून ज्योतीजवळ नेल्यावर आकसून गोळी झाली तर प्लॅस्टिक. चांदी काळी पडते, तांबं काळं आणि हिरवं पडतं, प्लॅस्टिक काळं पडत नाही पण इस्त्रीनं वितळतं. माझ्या स्वतःच्या लग्नातल्या साडीचा पदर असाच एका दुकानात गरम इस्त्रीखाली गेला. हातभर जरी पापडासारखी आक्रसून आली. दुकानदार म्हणाला, तुमची जरीच खोटी. जरी खोटी होती हे खरंच, पण ते आधी विचारायचं काम कुणाचं?

रेशीम तरी खरं आहे का, याचीही खात्री करा. 'बनारसी शालू' म्हणून विकलं जातं त्यात पॉलिस्टर पुष्कळ असतं. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकारानं २००४ पासून शुद्ध रेशमाला सिल्क मार्कचं लेबल मिळतं. ते असेल तर जपून ठेवा. नसेल तर पदराच्या गोंड्यातला एक धागा जाळून बघा. रेशीम केसासारखा वास देऊन विझतं आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. शालू पॉलिस्टरचा निघाला तर वाईट वाटून घेऊ नका, तो तुमच्या नातवंडांनाही पुरेल. खालचं निम्मं वाचायची गरज नाही, एवढंच.

रोल पॉलिशबद्दल माझं मत वेगळं आहे. दुकानदार ड्रायक्लीनबरोबर पॉलिशही करून देतो म्हणतात, साडी नव्यासारखी कडक दिसते. तो कडकपणा नेसताना हवा, ठेवताना नको. कडक साडीची घडी जास्त लवकर चिरते. पॉलिश पुढच्या कार्याच्या आधी करून घ्या.

साडी घरी आली की प्लॅस्टिकच्या पिशवीतून लगेच काढा आणि एक दिवस सावलीत मोकळी ठेवा, द्रवाचा वास पूर्ण जाईपर्यंत.

घरी रिठ्यानं धुवू का, असं विचारतात. रोजच्या साध्या रेशमी साडीला रिठा चांगलाच. लग्नाच्या जरीच्या शालूला पाणीच नको. त्यात आपलं पाणी: नळाला काही दिवसांआड, मधल्या दिवसांत बोअरचं, आणि बोअरचं पाणी जड. बादलीला पांढरा थर बसतो तोच काठावर बसणार.

फॉल काढा

फॉल लावून पोट भरणारी बाई हे सांगतेय, तर ऐका. शालू पुढची काही वर्षं ठेवायचा असेल तर ड्रायक्लीनला देण्याआधी फॉल उसवून घ्या. फॉल आणि काठ यांच्या मधल्या पोकळीत कार्यालयातली सगळी धूळ बसलेली असते, ती तशीच आत राहते. शिवाय सुती फॉल आटतो, रेशीम तेवढं आटत नाही, मग काठाला चुण्या पडतात आणि त्या चुण्यांवर जरी तुटते. पुन्हा नेसायची वेळ आली की नवा फॉल लावायला मी बसलेली आहेच.

ब्लाऊजचा उरलेला तुकडा आणि गोंड्यातले चार सुटे धागे एका कागदी पाकिटात घालून साडीसोबत ठेवा. २० वर्षांनी रफू करायची वेळ आली तर तोच रंग, तोच धागा दुसरीकडं मिळणार नाही.

ब्लाऊज वेगळं

ब्लाऊज शालूच्या घडीत ठेवणं ही जुनी सवय मोडा. काखेत घाम असतो, वर डिओचा पांढरा थर, आणि हुक लोखंडी. हे तिन्ही शालूला लागतात. ब्लाऊज उलटं करून आधी वारा द्या. आरी वर्क, मणी, खडे असतील तर ड्रायक्लीनवाल्याला दाखवून विचारा, कारण खडे चिकटवलेले असतील तर त्या द्रवात गोंद सुटतो. मग सपाट ठेवा, बाह्यांत मऊ सुती चिंध्या भरा, हुकांवर कापडाची पट्टी गुंडाळा. अजून शिवायचं असेल तर शिंप्याला पितळी हुक लावायला सांगा, आणि काखेत सुती पॅड.

कशात गुंडाळायचं

सोलापूरकरांना कापडाबद्दल काय सांगायचं, असं तुम्हाला वाटेल. पण इथंच चुकतात. पाहुणा आला चादर, थंडी वाजली चादर, सत्काराला चादर, तसं शालूलाही चादर! आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, अभिमान आहे, पण शालूभोवती ती नको. जाड आहे, रंगीत आहे, दमट हवेत तिचा रंग शालूला लागू शकतो.

हवं ते पांढरं, मऊ, बिनछापाचं सुती कापड. मलमल सगळ्यात चांगली. नवी आणली तर दोनदा गरम पाण्यात धुवून तिची खळ पूर्ण काढा, कारण खळ म्हणजे कसरीला, कापड खाणाऱ्या किडीला, जेवण. त्याहून चांगलं म्हणजे आजीचं धुवून धुवून मऊ झालेलं पांढरं पातळ, किंवा आजोबांचं जुनं धोतर. नीळ घातलेलं नको. वर्तमानपत्र नको, शाई लागते आणि कागद स्वतः पिवळा पडताना साडीलाही पिवळं करतो. प्लॅस्टिकचं कव्हर नको, त्यात ओल कोंडते. हल्ली हवा काढून सपाट करायच्या पिशव्या मिळतात, त्या स्वेटरला ठीक. शालूच्या घड्या त्यात सुरीसारख्या बसतात. हॅंगरही नको. वजन सगळं एका रेघेवर येतं आणि तारेचा हॅंगर गंजतो ते वेगळंच.

घडी घालताना साडी उलटी करा, म्हणजे जरीची सुलटी बाजू आत जाईल. मात्र जरीवर जरी घासू देऊ नका, घडीच्या प्रत्येक थरात मलमलचा तुकडा घाला. जिथं साडी वळते तिथं मलमलची सैल वळकटी ठेवा, जाड मेणबत्तीएवढी. म्हणजे घडीला धार न येता गोलाई राहते. हे एवढं केलं असतं तर त्या मुलीच्या आईचा शालू वाचला असता.

याहून चांगली पद्धत गुंडाळी. कापडाच्या ताग्यात पुठ्ठ्याची लांब नळी असते. ओळखीच्या कापड दुकानात मागितली तर देतात, आणि या गावात कापडवाला ओळखीचा नसेल असं घर कुठलं? नळी साडीच्या रुंदीपेक्षा वीतभर लांब हवी. पुठ्ठा थेट रेशमाला लागू नये म्हणून नळीवर आधी मलमल गुंडाळा. मग साडी पसरून तिच्यावर मलमल टाका आणि दोन्ही मिळून सैलसर गुंडाळत जा. एकटीनं होत नाही, दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागतं. वरून पुन्हा मलमल आणि सुती नाड्यांनी दोन ठिकाणी सैल बांधणं. रबर लावू नका, त्यातल्या गंधकानं चांदीची जरी काळी पडते.

एक चिठ्ठी शिसपेन्सिलीनं लिहून आवरणाच्या बाहेर बांधा: कुणाच्या लग्नातला, कधीचा, रेशीम-जरी कसली, ड्रायक्लीन कधी केला, कुठले डाग राहिले.

कुठं ठेवायचं

आपली हवा कोरडी आहे, कोकणातल्यासारखी भिंतींना बुरशी येत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. इथला शत्रू वेगळा आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत ठेवलेला शालू मे महिन्यात स्लॅबखाली भाजत असतो. पत्रा असेल तर विचारूच नका. माळा नको. बाहेरच्या, पश्चिमेकडच्या भिंतीला लागून असलेलं कपाटही नको. घराच्या मधल्या खोलीतलं कपाट, मधला कप्पा.

आणि कूलर. मार्चपासून घरोघरी पाण्याचे कूलर सुरू होतात, बायका हे लक्षातच घेत नाहीत. कूलरच्या खोलीतली हवा चार महिने पावसाळ्यासारखी दमट असते. शालूचं कपाट कूलरच्या तोंडासमोर असेल तर कोरड्या सोलापुरात राहूनही तुम्ही शालू कोकणात ठेवलात.

लोखंडी कपाट असेल तर आधी गंज बघा, कप्प्यात सुती कापड अंथरा. लाकडी असेल तरी तेच, लाकूड थेट लागू देऊ नका. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाजवळ घर असेल तर कापसाचा बारीक धुरळा फटीतून कपाटात येतो, तेव्हा बाहेरून आणखी एक कापड गुंडाळा.

हॉलमध्ये काचेच्या फ्रेममध्ये शालू लावायची नवी हौस आलीय. रेशमाला उजेड अजिबात सोसत नाही. लावायचाच असेल तर फोटो लावा.

कसर आणि डांबरगोळ्या

कसर स्वच्छ रेशमापेक्षा मळलेल्या रेशमाकडं आधी जाते. म्हणून पहिला उपाय वर सांगून झालाच आहे. त्यावर वेखंडाचे तुकडे, लवंगा, वाळवलेला कडुनिंब यांची सुती पुरचुंडी करून कप्प्याच्या कोपऱ्यात ठेवा. पाला पूर्ण वाळलेला हवा आणि साडीला लागता कामा नये, डाग पडतो. वास गेला की बदला.

डांबरगोळ्या वापरणारच असाल तर पुरचुंडीत, वरच्या बाजूला टांगून, साडीला आणि जरीला न लागू देता. सोबत कापूर ठेवू नका. डांबरगोळी आणि कापूर एकमेकांना लागले की दोन्ही पाघळून तेलकट होतात, आपल्या उन्हाळ्यात तर नक्कीच. आणि घरात तान्हं बाळ येणार असेल तर डांबरगोळ्या बंदच करा. आपण हौसेनं आजीच्या साडीचं दुपटं करतो, गोळ्यांच्या वासाच्या साडीत बाळ गुंडाळतो. काही बाळांत जी६पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते. त्यांच्या अंगात हा वास गेला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून मोठी कावीळ होऊ शकते. साडी धुवून, आठवडाभर वाऱ्यावर ठेवून मगच दुपटं शिवा.

कसर लागलेली दिसलीच, तर साडी लगेच बाकीच्या कपड्यांपासून वेगळी करा, घराबाहेर नेऊन ब्रशनं झटका. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, अंडीसुद्धा मरतात. पिशवी बाहेर काढल्यावर एक दिवस उघडू नका. थंड साडीला एकदम हवा लागली की पाणी सुटतं. प्लॅस्टिक चालतं ते एवढ्याच एका कामाला.

वर्षाचं वेळापत्रक

आपल्याकडं सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात. म्हणून आषाढात किंवा गणपतीत शालू उघडू नका, दसरा होऊ द्या. दसरा ते दिवाळीच्या मधल्या एखाद्या कोरड्या सकाळी बाहेर काढा, सावलीत तासभर वारा द्या, आणि घडी बदला. मागच्या वेळी तीनची घडी असेल तर या वेळी चारची, म्हणजे रेघ त्याच जागी येणार नाही. हात धुवून, अंगठ्या-बांगड्या काढून.

दुसऱ्यांदा मार्चमध्ये, कूलर लावायच्या आधी.

मधे संक्रांत येते. सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, हळदी-कुंकवाचं बोलावणं, हवा कोरडी आणि थंड, घाम नाही. शालू नेसायला वर्षात याच्यासारखा काळ नाही. काळ्या साडीचा मान एक दिवस, पण हळदी-कुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. नेसा. घडी मोडते, वारा लागतो, कुठं काय विरलंय ते कळतं. नेसण्याआधी अत्तर आणि स्प्रे मारून घ्या आणि ते वाळल्यावर साडी अंगावर घ्या. स्प्रेमधल्या अल्कोहोलनं रंग उडतो आणि जरी मंद पडते.

बाकीचे कपडे, थोडक्यात

अष्टपुत्री, म्हणजे लग्नविधीतली पिवळी साडी, बहुतेक सुती किंवा साधी असते. साध्या पाण्यात धुवून ठेवा, पण पहिल्यांदा एकटीच भिजवा, पिवळा रंग सुटतो. इरकल नेसली असेल तर तिचा पदर साडीच्या अंगाला जिथं जोडलेला असतो तो जोड नाजूक, तिथं घडी येऊ देऊ नका. तेलुगू घरांतल्या लग्नात पांढरं, लाल काठाचं मधुपर्कम असतं. त्यावरची हळद मुद्दाम ठेवतात, तर ते शालूजवळ नको, वेगळ्या कापडात. घागरा टांगू नका, त्याच्या वजनानं कमरपट्टी उसवते. शेरवानी मात्र रुंद, कापूस गुंडाळलेल्या हॅंगरवर टांगा. फेटा सोडून, झटकून, गुंडाळी करून ठेवा. बांधलेला फेटा आठवण म्हणून ठेवला तर आत घाम आणि वर धूळ. ख्रिस्ती घरातला पांढरा गाऊन असेल तर साखरेचा मुद्दा दुप्पट लागू, कारण पांढऱ्यावर तो तपकिरी डाग लपत नाही. घड्यांत आम्लरहित टिश्यू पेपर किंवा मलमलच भरा.

आधीच बिघडलं असेल तर

जरी काळी पडली तर टूथपेस्ट, लिंबू, चिंच यांपैकी काहीही लावू नका. चिंचेनं घरातली तांब्याची भांडी लखलखतात म्हणून जरीला लावणारी बाई मी पाहिलीय. मुलामा होता तोही गेला. एखादं-दुसरं भोक असेल तर रफू. घडीवर चिरायला लागली असेल तर मागून त्याच रंगाची बारीक जाळी लावून घेता येते, सगळी साडी नेसता येते. पण रेशीम हात लावला की चुरत असेल तर जाळीही धरत नाही.

त्या मुलीच्या शालूचं तसंच झालं होतं. अंग गेलेलं, काठ आणि पदर मात्र शाबूत, कारण जरी चांदीची आणि पदर कुणीतरी वेगळा गुंडाळलेला. आम्ही दोघींनी एक अख्खी दुपार घालवून काठ कापून घेतले आणि त्याच डाळिंबी रंगाच्या नव्या रेशमावर लावले. रंग अगदी तोच नाही आला. तिच्या आईनं दुकानात येऊन साडीवरून हात फिरवला आणि पहिलं विचारलं, "फॉल लावू नको म्हणालात, मग नेसताना पायात नाही का अडकणार?" मी म्हटलं, लग्नाच्या दोन दिवस आधी घेऊन या, लावून देते. उरलेल्या अंगातून दोन बटवे निघाले, एक तिनं अंगठ्यांसाठी ठेवला.